गावच्या वाचनालयात नवीन लागले काय? मग ट्रेनिंग अन कार्यशाळेचं असं पाहा

गावच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून लागल्यावर कोणी काही शिकवत नाही. चावी हातात देतात अन सांगतात की आधीचे भाऊ जसं करत होते तसंच करा. मग दोन-चार महिन्यांनी तपासणीचं पत्र येते नाही तं ग्रुपवर एखाद्या कार्यशाळेचा मेसेज पडते, अन आपण विचारात पडतो की जावं का नाही, कारण पगार किती ते आपल्यालाच माहीत, त्यातून एसटीचं भाडं, दिवसभराचा खोळंबा, ताई असल्या तर सकाळी घरचा स्वयंपाक-पाणी आवरून सातची गाडी धरायची. हे लिहून राहिलो ते अशाच नवीन लोकांसाठी, ज्यांचं वाचनालय सरकारच्या अ ते ड वर्गांपैकी खालच्या क नाही तं ड वर्गात आहे, ग्रामपंचायतीच्या बाजूच्या एका खोलीत भरते, अन ग्रंथपाल, क्लार्क, शिपाई सगळं एकच माणूस राहते. कॉलेजच्या लायब्ररीवाल्यांनी वाचलं तरी हरकत नाही पण त्यांचं गणित वेगळं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कार्यशाळेला मोकळ्या हातानं जाऊ नका. आपल्या वाचनालयातलं एखादं अडलेलं काम सोबत घेऊन जा, तिथं कोणाला तरी पकडून ते सोडवून घ्या. बाकी बॅग, पेन, सर्टिफिकेट हे सगळं मिळतच राहते.

आधी आपण कोणाचे, ते समजून घ्या

आपल्या राज्यात सार्वजनिक ग्रंथालयाचा कायदा १९६७ चा आहे, अन मान्यता-अनुदानाचे नियम १९७० चे. त्या हिशेबानं वाचनालयं अ, ब, क, ड अशा वर्गात बसवलेली आहेत. वर मुंबईत ग्रंथालय संचालनालय, विभागाला सहायक ग्रंथालय संचालक, जिल्ह्याला जिल्हा ग्रंथालय अधिकारी. विदर्भात दोन विभाग, अमरावतीत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम अन नागपुरात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली.

हे काहून सांगून राहिलो, तं लय जणांना वाटते की आपण सरकारी नोकर झालो. तसं नाही. वाचनालय संस्था चालवते, सरकार मान्यता देते, अनुदान देते, तपासणी करते. म्हणजे कार्यशाळेला जायची परवानगी तुम्हाला तुमच्या अध्यक्ष-सचिवांकडून घ्यावी लागते, साहेबांकडून नाही. अन ती तोंडी घेऊ नका. दोन ओळीचं पत्र घ्या की अमुक तारखेला अमुक कार्यशाळेसाठी यांना संस्थेतर्फे पाठवत आहोत. त्या दिवशी हजेरीपटावर काय लिहायचं अन प्रवासखर्च कुठून द्यायचा हे दोन्ही प्रश्न त्या पत्रानं मिटतात, नाही तं नंतर सचिव म्हणतात मी कधी पाठवलं होतं.

कोर्स वेगळा, कार्यशाळा वेगळी

नवीन माणूस इथं हमखास गोंधळते. एक-दोन दिवसाच्या कार्यशाळेच्या सर्टिफिकेटनं तुमची शैक्षणिक पात्रता वाढत नाही. पात्रतेसाठी कोर्सच करावा लागते. सगळ्यात जवळचा म्हणजे ग्रंथालय व्यवस्थापनाचा प्रमाणपत्र वर्ग, सहा महिन्यांचा, दहावी पास माणसाला करता येते, जिल्हा ग्रंथालय संघाकडून वर्ग चालतात अन परीक्षा संचालनालयाची राहते. तुमच्या जिल्ह्यात यंदा वर्ग आहे का, फी किती, फॉर्म कधी निघतात हे जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा, फोनवर अर्धवट कळते.

बारावी झालेल्यांसाठी इग्नूचाही सहा महिन्यांचा प्रमाणपत्र कोर्स आहे. पदवी झालेली असली तर बी.लिब. म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी करा, नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून करा नाही तं इग्नूतून करा, नोकरी सांभाळून होते. रोज जाणं-येणं जमत असलं तर नागपूर अन अमरावती दोन्ही विद्यापीठांत ग्रंथालयशास्त्राचे विभाग आहेत. वरच्या वर्गाच्या वाचनालयात ग्रंथपालाची पात्रताही वरची मागतात, म्हणून वय आहे तोवर हे करून टाका.

कार्यशाळा मात्र हात बसण्यासाठी. बी.लिब. झालेला पोरगा दाखल रजिस्टरसमोर (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद करायचं रजिस्टर) बसवला अन त्याला पहिली ओळ भरता आली नाही असं पाहिलं आहे, अन नुसतं प्रमाणपत्र वर्ग केलेल्या एक ताई पूर्ण तालुक्याला रजिस्टर शिकवतात असंही पाहिलं आहे.

बातमी कुठून कळते

जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाचं पत्र, जिल्हा ग्रंथालय संघाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, संघाचं वार्षिक अधिवेशन, जिल्ह्याचा ग्रंथोत्सव. ग्रंथोत्सवात लोक पुस्तकांच्या स्टॉलवर फिरून घरी जातात, पण तिथं ग्रंथालयावरचं एखादं चर्चासत्र बहुतेक ठेवलेलं राहते, ते पाहून जा. १२ ऑगस्टला भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांचा जन्मदिवस म्हणून ग्रंथपाल दिन अन १५ ऑक्टोबरला डॉ. कलाम यांच्या नावानं वाचन प्रेरणा दिन, या दोन तारखांच्या आसपास कार्यक्रम जास्त होतात. ऑक्टोबरातलं एक पाहा, सोयाबीन सोंगणीचे दिवस राहतात, घरची शेती असली तर आधीच बोलून ठेवा.

मोठ्या पातळीवर कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान आहे, १९७२ पासूनचं, केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाखाली. आपल्याकडं लोकांना ते फक्त पुस्तकं देणारं म्हणून माहीत आहे, पण कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, चर्चासत्र, कार्यशाळा यासाठीही त्यांच्या योजना आहेत. घरबसल्या शिकायचं असलं तर स्वयम् पोर्टलवर ग्रंथालयशास्त्राचे कोर्स येत राहतात, शिकायला पैसे नाही, परीक्षा देऊन सर्टिफिकेट पाहिजे असलं तरच फी. बहुतेक इंग्रजीत आहेत हे मात्र धरून चाला.

अन ते एक, लॉकडाऊनपासून सुरू झालेलं फॅड. गूगल फॉर्मवर दहा प्रश्न सोडवा अन राष्ट्रीय पातळीचं ई-सर्टिफिकेट मिळवा. काही जणांकडं अशी फाईल भरून आहे. करमणूक म्हणून ठीक आहे, पण पैसे मागत असले तर सरळ बाजूला व्हा.

विषय कोणता आधी घ्यायचा

माझ्या मते पहिला विषय रजिस्टर. कॉम्प्युटर नाही. तपासणीला साहेब आले की आधी दाखल रजिस्टर, देवघेव, सभासद नोंद, नियतकालिकांची नोंद, कॅशबुक, व्हाउचर फाईल, प्रोसिडिंग बुक (मीटिंगच्या ठरावांची वही), डेडस्टॉक (टेबल-कपाटासारख्या सामानाची नोंद) हेच उघडतात, अन अनुदान त्यावर अवलंबून आहे. दाखल रजिस्टरचा नियम सोपा आहे पण पाळत कोणी नाही: एका प्रतीला एक नंबर. एकाच पुस्तकाच्या तीन प्रती आल्या तर तीन नंबर, तीन ओळी. पुस्तक हरवलं, फाटलं, बाद झालं तरी तो नंबर दुसऱ्या पुस्तकाला द्यायचा नाही, शेऱ्याच्या रकान्यात बाद केल्याचा ठराव क्रमांक अन तारीख टाकायची. खोडरबर, व्हाइटनर अजिबात नको, चुकलं तर एक रेघ मारून बाजूला सही. पुस्तकावर शिक्का शीर्षक पानावर, शेवटी, अन आपण ठरवलेल्या एका गुप्त पानावर मारायचा, ते पान सगळ्या पुस्तकांत एकच ठेवायचं, म्हणजे कोणी पहिलं पान फाडलं तरी पुस्तक आपलं आहे हे सांगता येते.

दुसरा विषय वर्गीकरण. वर्गीकरण म्हणजे पुस्तकाला विषयानुसार नंबर देणं, त्याची ड्युई दशांश पद्धत १८७६ ची, अमेरिकेतली, आपल्याकडच्या पुस्तकांना ती कुठं कुठं आखूड पडते, म्हणूनच हे पुस्तकातून वाचण्यापेक्षा कार्यशाळेत बसून शिकलेलं बरं. मराठी साहित्य ८९१.४६ मध्ये येते, त्यात कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कादंबरी-कथा ८९१.४६३. आता गावच्या वाचनालयात निम्म्या कादंबऱ्याच राहतात, म्हणजे निम्म्या रॅकवर एकच नंबर. मग काय करायचं, तं नंबराखाली लेखकाच्या आडनावाची पहिली अक्षरं टाकायची अन त्या क्रमानं लावायचं, एवढ्यानं पुस्तक सापडते.

खरी पंचाईत धर्माच्या अन चरित्राच्या रॅकवर होते. २०० चा वर्ग धर्माचा, पण त्यातली बहुतेक जागा ख्रिस्ती धर्मानं व्यापलेली, हिंदू धर्माला २९४.५ अन बौद्ध धर्माला २९४.३. आपल्याकडं दरवर्षी लोक दीक्षाभूमीवरून पिशव्या भरून पुस्तकं आणतात, वाचनालयाला भेट देतात, म्हणून बौद्ध अन आंबेडकरी साहित्याचं कपाट विदर्भातल्या वाचनालयात भरगच्च राहते. त्यात धम्मावरचं पुस्तक कोणतं, बाबासाहेबांचं चरित्र कोणतं, जातिव्यवस्थेवरचं कोणतं, राज्यघटनेवरचं कोणतं, हे सगळं एकाच नंबरात कोंबलं तर वाचकाला काही सापडणार नाही. धम्म २९४.३ मध्ये, घटना ३४२ मध्ये, समाज अन जातीवरचं ३०५ च्या आसपास, चरित्रं ९२० मध्ये. तसंच तुकडोजी महाराजांचं अन गाडगेबाबांवरचं. अशी गोंधळाची तीन-चार पुस्तकं पिशवीत टाकून न्या अन तज्ज्ञाला समोर ठेवून विचारा की याला नंबर द्या. दोन तज्ज्ञ दोन नंबर देतील, घाबरू नका, एक ठरवा अन तो कायम ठेवा.

तिसरा विषय पुस्तकं जपणं. वाळवी आपल्याकडची कायमची पाहुणी आहे. रॅक भिंतीला चिकटवू नका, मधात हात जाईल एवढी जागा ठेवा, खालचा कप्पा जमिनीपासून वर. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावायची सवय पहिले सोडा, दोन-चार उन्हाळ्यात ती पिवळी पडून कागदाला खाते. जुने बाइंडर खळीत मोरचूद टाकतात, कीड लागू नये म्हणून, ते विषारी आहे, पोरांच्या हाती लागू देऊ नका. पावसात छत गळून पुस्तकं भिजली की लोक ती आंगणात उन्हात पसरवतात, त्यानं पानं वाकतात अन बाइंडिंग सुटते. सावलीत, पंख्याखाली, पानांच्या मधात कोरे शोषकागद घालून, ते बदलत बदलत वाळवायची. बाइंडिंगची कार्यशाळा कुठं असली अन त्यात स्वतःच्या हातानं करू देत असतील तर मी म्हणतो इतर सगळं सोडून तिथं जा.

कॉम्प्युटरचं चौथ्या नंबरावर. ई-ग्रंथालय हे केंद्र सरकारच्या एनआयसी या संस्थेचं वाचनालयासाठीचं सॉफ्टवेअर आहे, कोहा हे मुक्त स्रोताचं, म्हणजे कोणालाही वापरता येणारं, न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रामीण ग्रंथालयासाठी १९९९ मध्ये बनवायला घेतलेलं, दोन्हींच्या कार्यशाळा होतात. पण तिथं जायच्या आधी एक काम करा, युनिकोडमध्ये मराठी टाइप करायला शिका. आपल्याकडच्या झेरॉक्सवाल्याकडं सगळं कृती देव फॉन्टमध्ये टाइप होते, त्यात केलेली पुस्तकांची यादी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली की नुसतं अगम्य दिसते, सगळी मेहनत पाण्यात. युनिकोडमध्ये एक्सेलची यादी तयार असली, दाखल क्रमांक, नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष, किंमत, वर्गांक असे रकाने पाडून, तर पुढं कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये नेता येते. लाईन अन नेटचा भरवसा नाही म्हणून पेनड्राइव्हवर एक कॉपी ठेवा, ती सचिवांच्या घरी.

निघायच्या आधी

पिशवीत काय घ्यायचं: दाखल रजिस्टरच्या दोन पानांची झेरॉक्स, ती गोंधळाची पुस्तकं, रॅकचे मोबाईलवर काढलेले फोटो, अन कागदावर लिहिलेले तीन प्रश्न. तीनच. मनात दहा राहतात पण हॉलमध्ये गेल्यावर एकही आठवत नाही.

प्रवासखर्च मिळणार का हे आधीच विचारून घ्या, तिकीट जपून ठेवा. ताईंना एसटीत २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तेवढाच हातभार. परतीची शेवटची गाडी किती वाजता हे स्टँडवर विचारून मग आत जा, अन ती वेळ आयोजकांना सकाळीच सांगून ठेवा, म्हणजे चार वाजता उठलं तरी कोणाला वाईट वाटत नाही.

वाचनालय त्या दिवशी बंद ठेवू नका. अभ्यासिकेत पोलीस भरती, तलाठी, एमपीएससीची तयारी करणारी पोरं रोज बसतात, त्यातल्या एका भरवशाच्या पोराकडं किंवा पोरीकडं चावी द्या, देवघेव दुसऱ्या दिवशी करू म्हणून पाटी लावा. पेपर वाचायला येणारे आजोबा परत गेले नाही पाहिजे.

हॉलमध्ये

पहिला तास-दीड तास दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, मनोगत यात जाते, हे धरूनच चाला. तो वेळ फुकट घालवू नका, बाजूच्याशी ओळख करा. तुमचं कोणतं गाव, कोणता वर्ग, पुस्तकं किती, सभासद किती. आपल्याच वर्गाच्या, आपल्यासारख्याच एक खोलीच्या वाचनालयाच्या दोन-तीन जणांचे नंबर घ्या. पुढं ऑडिटच्या टायमाला रात्री नऊ वाजता फोन करता येईल असे हेच लोक राहतात, व्याख्याते नाही.

व्याख्याते बहुतेक कॉलेजचे राहतात. चांगले राहतात, पण त्यांच्या डोळ्यासमोर वातानुकूलित लायब्ररी राहते. बारकोड, ओपॅक (कॉम्प्युटरवरची पुस्तकांची यादी), डिजिटल रिपॉझिटरी सुरू झालं की आपल्या लोकांचे चेहरे पडतात अन कोणी काही बोलत नाही. बोला. एका कार्यशाळेत मागून एक मावशी उठल्या अन म्हणाल्या, "सर, आमच्या इथं लाईनच दिवसातून चार घंटे राहते, तं हे बारकोड कायले? मले आधी हे सांगा का पुस्तक घेऊन गेलेला माणूस वर्षभर आणत नाही त्याले काय करू." पूर्ण हॉल हसला, पण सरांनी लॅपटॉप बाजूला ठेवला अन पुढचा अर्धा तास देवघेव, अनामत, स्मरणपत्र यावरच बोलले, अन त्या दिवशी तेच कामाचं निघालं.

प्रश्न भाषणाच्या शेवटी विचारले तर वेळ संपलेला राहते. चहाच्या सुट्टीत पकडा. मॅडम, दोन मिनिटं, हे पान पाहून देता का, असं म्हणून झेरॉक्स समोर धरली की कोणी नाही म्हणत नाही. प्रात्यक्षिक असलं तर पुढं होऊन स्वतः करा, व्हिडिओ काढत मागं उभं राहू नका, तो व्हिडिओ परत कोणीच पाहत नाही.

आल्यावर आठ दिवसात

सर्टिफिकेटची एक झेरॉक्स संस्थेच्या फाईलला, एक आपल्याकडं. अर्ध्या पानाचा अहवाल लिहून सचिवांना द्या: कुठं गेलो, काय शिकलो, आपल्याकडं काय बदलायचं, त्याला खर्च किती. पुढच्या मीटिंगच्या प्रोसिडिंगमध्ये त्याची नोंद घ्यायला सांगा. याचा फायदा असा की पुढच्या वेळी पाठवताना कमिटी कुरकुर करत नाही, अन तपासणीत दाखवायलाही होते.

अन आठ दिवसात एक काम करून टाका. फक्त एक. वर्गीकरण शिकलात तर एकच रॅक लावा, तो चरित्राचा लावा, कारण चरित्र मागणारे लोक जास्त अन फरक लगेच दिसते. एकदम पूर्ण वाचनालय काढून बसलात तर महिनाभर पुस्तकांचे ढीग जमिनीवर अन सभासद ओरडून राहिले, मग कंटाळून सगळं परत होतं तसं कोंबल्या जाते.

तालुक्यात स्वतः भरवायची असली तर

जिल्ह्याची वाट पाहत बसण्यापेक्षा दहा-बारा वाचनालयं मिळून तालुक्यातच एक दिवस बसलेलं जास्त कामाचं. याला मोठा खर्च नाही. जिल्हा परिषद शाळेची खोली रविवारी मिळते, नाही तं ग्रामपंचायतीचं सभागृह. राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानच्या योजनेतून पैसे मिळू शकतात पण तो अर्ज राज्यामार्फत जाते, वेळ लागते, पहिल्या वेळेला त्या भरवशावर राहू नका. सकाळी तर्रीपोहा, दुपारी वरण-भात, पोळी, वांग्याची भाजी, गावातल्या बचत गटाला सांगा, प्रत्येक वाचनालयानं आपल्या माणसाचा वाटा द्यायचा.

शिकवायला तालुक्याच्या कॉलेजातून रिटायर झालेले ग्रंथपाल शोधा, त्यांना वेळही राहते अन सांगायची हौसही. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना पत्र द्या, ते आले तर उत्तमच, पण त्यांना भाषणासाठी नाही, तपासणीत नेमकं काय पाहता हे रजिस्टर समोर ठेवून सांगा म्हणून बोलवा. विषय एकच ठेवा. सकाळी अकरा ते चार, त्यातली भाषणं जास्तीत जास्त तासभर, बाकी सगळ्यांनी आपापली रजिस्टरं उघडून बसायचं, चार-चार जणांचे गट करून एकमेकांची पानं तपासायची. दुसऱ्याच्या रजिस्टरातली चूक लवकर दिसते, अन ती पाहिली की आपलीही आठवते. महिना निवडताना कापूस वेचणी पाहा, अन मार्चपासून तं ठेवूच नका, टिनाच्या खोलीत दुपारी बसवत नाही अन तिकडं वर्षअखेरचे हिशेबही राहतात. जानेवारीचा शेवट नाही तं फेब्रुवारी बरा.

शाल-श्रीफळाचे पैसे वाचवून प्रत्येकाला एक छापील नमुना पान द्या, दाखल रजिस्टरची बरोबर भरलेली ओळ, बाद पुस्तकाच्या ठरावाचा मसुदा, स्मरणपत्राचा नमुना. लोक ते भिंतीवर चिकटवून ठेवतात. अन पुढची बैठक कोणत्या गावात, विषय कोणता, जेवणाचं कोणाकडं, हे सगळे साडेचारच्या गाडीला निघायच्या आत तिथंच ठरवून कागदावर सह्या घ्या, कारण घरी पोचल्यावर ग्रुपवर विचारलं तं सगळे नुसते अंगठे दाखवतात अन तारीख कोणीच देत नाही.